चाऊ चाऊ वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ आठवड्यांचं लाल रंगाचं चाऊ चाऊचं पिल्लू पाहून आलोय, घरात सगळ्यांना आवडलंय. पण कोणी म्हणतं ही जात तुसडी, कोणी म्हणतं अचानक चावते, कोणी म्हणतं कुत्रा नाहीच, मांजर आहे. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, याआधी कुत्रा पाळलेला नाही. ही जात आहे तरी कशी, आणि आणावी का?

'अचानक चावते' इथूनच सुरुवात करतो, कारण पशुवैद्यक म्हणून वीस-बावीस वर्षांत चाऊबद्दल सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच. "डॉक्टर, काही कारण नव्हतं हो, नुसता हात लावला तर वळला अंगावर." नीट खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं, कुत्र्यानं आधी दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. ते कुणाला दिसलं नाही. यात मालकाची चूक थोडी, चाऊच्या ठेवणीची जास्त.

साधा कुत्रा आपल्याशी कशानं बोलतो? कान मागे पाडतो, शेपूट हलवतो नाहीतर पायांत घालतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, ओठ चाटतो, कपाळाला आठ्या पाडतो, मानेवरचे केस फुलवतो. आता त्याच्या शेजारी चाऊ उभा करा. कान लहान, जाड, ताठ, किंचित पुढे झुकलेले आणि आयाळीत अर्धे बुडालेले. शेपूट पाठीवर वळवून ठेवलेली. हलली तरी केसांत हरवते. डोळे बारीक, खोल, भुवयांच्या घड्यांखाली. आठ्या जन्मजात. केस कायमचे फुललेले. ओठ, हिरड्या, जीभ सगळं निळं-काळं, त्यामुळे ओठ चाटला तरी काळ्यावर काळंच. बोलायची जवळपास सगळी साधनं एक तर गोठलेली नाहीतर झाकलेली. हा कुत्रा गाढ झोपेतही रागावल्यासारखा दिसतो आणि खरंच रागावला तरी चेहरा तोच.

इतर कुत्र्यांचीही गल्लत होते. वर उचललेली शेपूट, ताठ चाल, फुगलेली मान, रोखलेली नजर ही कुत्र्यांच्या भाषेत सरळसरळ दमदाटी. चाऊ नुसता चालत आला तरी समोरचा आधीच गुरगुरायला लागतो, आणि चाऊ काही माघार घेणाऱ्यांतला नाही. मग दोन्ही मालक एकमेकांना सांगतात, "आमच्यानं काही केलं नव्हतं." चाऊवाल्याचं म्हणणं पुष्कळदा खरं असतं.

मग वाचायचं काय? त्याचं थांबणं. निवांत चाऊ तोंड किंचित उघडून हलकी धाप टाकत असतो. तुमचा हात जवळ आला आणि तोंड मिटलं, धाप थांबली, अंग पुतळ्यासारखं झालं, की समजा तो बोलला. त्यानंतर मान जेमतेम बोटभर दुसरीकडे वळवेल. पाठीवरची शेपूट सैल पडून खाली आली तर भीती, दुखणं किंवा आजारपण यांपैकी काहीतरी आहे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. त्या वेळात हात मागे घेतलात तर प्रकरण तिथेच मिटतं. आणि कधी गुरगुरलाच तर त्याबद्दल शिक्षा मुळीच करू नका. ज्याच्याकडे सांगायची साधनं मुळातच कमी आहेत, त्याचं उरलेलं एकही आपण काढून घेतो.

एक उदाहरण सांगतो. तीन वर्षांचा लाल नर. पाहुण्यांनी डोक्यावरून हात फिरवला की फिस्कारतो म्हणून आणला होता. वागणूक सुधारायची गोळी द्या, असा आग्रह. मी टेबलावर न घेता त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. समोरून हात दाखवला तर ढिम्म. तोच हात कपाळाकडे वर गेला आणि तोंड मिटलं. डोळ्यांखालचे केस ओले, तांबूस डाग पडलेले, आणि मालकांच्या मते "त्याचे डोळे पहिल्यापासून असेच बारीक आहेत." भुवईची घडी बोटानं हळूच वर उचलली तर खालची पापणी आत वळलेली, पापणीचे केस बुबुळावर घासत होते. फ्लुओरेसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर तांदळाच्या दाण्याएवढी जखम हिरवी चमकली. प्रत्येक उघडझापीला ती खरवडली जात होती आणि वर लोक त्याच घड्यांवर प्रेमानं थोपटत होते. पापण्यांचं ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि तुसडेपणा निम्म्याहून जास्त उतरला. उरलेला तो त्याचा स्वभाव. अनोळखी माणसाच्या लाडाची चाऊला एरवीही हौस नसते.

पापणी आत वळण्याच्या या दोषाला एन्ट्रोपियन म्हणतात. चाऊत तो इतका नेहमीचा आहे की पिल्लू बघताना मी आधी डोळे बघतो, मग बाकीचं. डोळे खोल असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते: बाजूचं आणि वरचं त्याला कमी दिसतं. मागून किंवा वरून आलेला हात त्याच्या दृष्टीनं हवेतून उगवतो. म्हणून चाऊजवळ जाताना समोरून, आवाज देत जायचं, आणि हात डोक्यावर न नेता छातीकडे न्यायचा.

आता थोडा पूर्वेतिहास, कारण स्वभावाची मुळं तिथे आहेत. जात चीनच्या उत्तर भागातली, फार जुनी. शिकार, राखण आणि ओझं ओढणं अशी सगळी कामं तिनं केली. चिनी नाव सोंगशी छुआन, म्हणजे फुललेल्या केसांचा सिंह-कुत्रा. 'चाऊ चाऊ' हे नाव कुत्र्याचं नव्हतंच. पूर्वेकडून जहाजांतून येणाऱ्या किरकोळ सटरफटर मालाला व्यापारी बोलीत तसं म्हणत, त्या मालाबरोबर आलेल्या कुत्र्यांनाही तेच चिकटलं. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज निसर्गनिरीक्षकानं 1789 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात चीनमधल्या कँटनहून आणलेल्या अशाच एका जोडीचं वर्णन केलंय. कोल्ह्यासारखं तोंड, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपूट, निळी जीभ, आणि मागचे पाय इतके सरळ की दुडकी चाल बेढब दिसते. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली, पण आजही मी तपासणीच्या कागदावर जवळपास हेच लिहितो. ब्रिटनमध्ये 1895 साली या जातीचा क्लब निघाला, 1903 साली अमेरिकन केनेल क्लबनं मान्यता दिली. 2004 साली कुत्र्यांच्या जातींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लांडग्याच्या सगळ्यात जवळ निघालेल्या मोजक्या जातींत अकिता, शिबा, शार पेई यांच्याबरोबर चाऊही होता. याचा अर्थ चाऊ लांडगा आहे असा नाही. लॅब्रडॉर किंवा शेफर्डला पिढ्यान्‌पिढ्या 'माणसाकडे बघ, सांगेल ते कर' यासाठी निवडत नेलं, तसं याच्या बाबतीत फारसं झालं नाही, एवढंच.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे योफी नावाची चाऊ मादी होती आणि ती रुग्णांच्या बैठकीला खोलीत बसत असे. माणसाच्या मनाचा तळ शोधणाऱ्यानं कुत्रा निवडला तो नेमका असा, याची मला नेहमी गंमत वाटते.

स्वभावाचं म्हणाल तर 'मांजरासारखा' हे वर्णन बऱ्यापैकी बरोबर आहे. स्वच्छता उपजत, शी-शूची जागा इतक्या लवकर शिकतो की इतर पिल्लं पाळलेल्यांना खोटं वाटतं. उगाच भुंकत नाही. घरातल्या एका माणसावर जीव, बाकीच्यांशी सलोखा, परक्यांशी थंडपणा. मांडीवर येणार नाही. हातभर अंतरावर पाठ करून बसेल, आणि तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत गेलात की पाच मिनिटांनी तिथे येऊन तसाच बसेल. यालाच त्याचं प्रेम म्हणतात. ज्याला हे कळतं तो पुन्हा दुसरी जात पाळत नाही, ज्याला सतत शेपूट हलवणारा कुत्रा हवा असतो तो वर्षभरात कंटाळतो.

शिकवायला हुशार आहे, आज्ञाधारक नाही. 'बस' म्हटल्यावर तो तुमच्याकडे बघतो, विचार करतो, पटलं तर बसतो. दोन-तीन वेळा करून घ्या, खाऊ द्या आणि थांबा. दहाव्या वेळेला तो निघून गेलेला असेल. ओढाताण, ओरडणं, मारणं यानं चाऊ बिघडतो आणि झालेला अपमान विसरत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचा काळ सोन्याचा. त्या दिवसांत शिट्ट्या, छत्र्या, टोप्या, म्हातारी माणसं, लहान मुलं, तऱ्हेतऱ्हेच्या जमिनी असं सगळं दुरून आणि गोडीनं दाखवायचं. लसीकरण पूर्ण व्हायची वाट बघत घरात कोंडू नका, कडेवर घेऊन हिंडवा. आणि रोज दोन मिनिटं हाताळायची सवय लावा: पंजे, कान, दात, पापण्या. पुढे दहा वर्षं तुमच्या डॉक्टरांची बोटं त्या सवयीवर अवलंबून असतील.

आता जिभेकडे येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा जीभ गुलाबीच असते, आठ-दहा आठवड्यांपर्यंत ती गडद होते. शार पेईचीही जीभ निळी-काळी असते आणि इतर अनेक जातींत, संकरांतही ठिपके असतात, त्यामुळे निळी जीभ हा शुद्धतेचा दाखला नव्हे. उलट गुलाबी डाग राहिला तर प्रदर्शनात गुण जातील, तब्येतीला काही होत नाही. मला या जिभेची अडचण वेगळीच आहे. कुत्र्याला प्राणवायू कमी पडतोय, रक्त कमी झालंय किंवा तो शॉकमध्ये चाललाय हे एरवी हिरड्यांच्या रंगावरून झटकन कळतं. चाऊत हिरड्याही काळ्या. म्हणून खालची पापणी हळूच ओढून आतलं अस्तर बघायला शिका. ते निरोगीपणी गुलाबी दिसतं. आजच, कुत्रा चांगला असताना, रोजचा गुलाबी कसा दिसतो ते डोळ्यांत बसवून ठेवा. फिकट पांढरं, विटकरी लाल किंवा निळसर दिसलं तर तातडी आहे.

ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते उकाड्यात. दाट दुहेरी अंगरखा, आखूड केलेलं तोंड, काहींच्या नाकपुड्या चिमटलेल्या, टाळूचा मागचा भाग लांब. कुत्र्याला घाम जेमतेम पंजांतून. बाकी सगळी उष्णता धापेतून बाहेर टाकायची, आणि धापेचा रस्ताच अरुंद. हवा दमट असेल तर आणखी कठीण. व्यायाम त्याला मुळात फार लागत नाही. पहाटे आणि रात्री वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन फेऱ्या पुरतात. चालताना तो मध्येच बसला आणि उठेना, तर त्याला हट्टी म्हणून ओढू नका. निम्म्या वेळा तो हट्ट नसतो. धापेत घरघर ऐकू येऊ लागली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले की तापमान चढतंय असं धरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सियस. 41 च्या पुढे अवयव निकामी व्हायला लागतात. आधी गार करा, मग दवाखान्याकडे पळा. साधं पाणी ओता, पण वरून ओतलेलं पाणी चाऊच्या केसांवरून ओघळून जातं, कातडीपर्यंत पोचतच नाही. बोटांनी केस फाकवून पोटावर, जांघेत, काखेत कातडी भिजवा आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते.

"मग उन्हाळ्यात केस बारीक कापून टाकू का?" नाही. माझ्याकडे एक काळी मादी आली होती, एका ग्रूमिंगवाल्यानं यंत्रानं कातडीपर्यंत साफ केलेली. दीड वर्षानंतरही पाठीवर केसांचे बेटासारखे पुंजके आणि मध्ये उघडी कातडी. चाऊसारख्या जातींत असे कापलेले केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत, आले तर पोत आणि रंग बदलून येतात. पंजांखालचे आणि मागच्या भागाचे केस नीटनेटके करा, बाकी अंगरखा राहू द्या. आतली मेलेली लोकर विंचरून काढलीत की हवा खेळते.

विंचरायचीही पद्धत आहे. बहुतेकजण वरवर ब्रश फिरवतात, कुत्रा कापसासारखा फुलतो, सगळे खूश. खाली कानांमागे, काखेत आणि मागच्या मांड्यांच्या झालरीत नमद्यासारखा थर तयार होत असतो. कुत्र्याला कुशीवर झोपवा. पाण्याचा हलका फवारा मारा. एका हातानं केस वर दाबून धरा म्हणजे कातडीची रेघ दिसेल, आणि त्या रेघेपासून खालचे केस थोडे थोडे ओढत स्लिकर ब्रशनं (बारीक तारांच्या दातांचा ब्रश) सोडवा. मग रेघ बोटभर वर सरकवा. शेवटी धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेला पाहिजे. अडला तिथे गाठ आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि लोकर झडायच्या हंगामात रोज. आंघोळीनंतर पूर्ण वाळवल्याशिवाय सोडू नका, ओल राहिली की कातडीवर चिघळणारे चट्टे उठतात. आखूड केसांचा 'स्मूद' चाऊही असतो. स्वभाव तोच, विंचरणं कमी. तो लोकांना माहीतच नसतो, नाहीतर नवख्यांना मी आधी तोच सुचवीन.

या केसांत वजनही लपतं. डोळ्यांनी चाऊ नेहमी गुबगुबीतच दिसणार. महिन्यातून एकदा बोटं केसांत खोल घालून बरगड्या चाचपा. हलक्या दाबानं मोजता आल्या पाहिजेत. प्रौढ चाऊ साधारण 20 ते 32 किलो, उंची नराची 48 ते 56 सेंटिमीटर, मादीची 46 ते 51. वजन आटोक्यात ठेवायचं कारण ते मागचे सरळ पाय. घोट्याला आणि गुडघ्याला बाक जवळपास नसल्यानं पाय खुब्यातून लंबकासारखा हलतो आणि गुडघ्यावर ताण येतो. गुडघ्याची वाटी सरकणं, क्रुशिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) तुटणं, खुब्याचा आणि कोपराचा डिस्प्लेशिया (सांधा नीट न जुळणं), हे सगळं चाऊत पुष्कळ दिसतं. आणि ताठ चालणं हीच त्याची नैसर्गिक चाल असल्यानं लंगडणं लवकर लक्षात येत नाही. युक्ती साधी आहे: निरोगी असताना मागून आणि बाजूनं मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढे शंका आली की नवा काढून शेजारी लावा. दोन्ही पाय सारखे ताठ असतील तर ठीक. एकाची टाच कमी टेकत असेल, पाऊल आखूड पडत असेल, किंवा दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलत असेल तर दाखवा.

बाकी आजार भराभर सांगतो. थायरॉईड मंदावणं: केस निस्तेज, वजन वाढतं, कुत्रा आळसावतो. नाकाच्या दांड्यावर आणि पंजांच्या गाद्यांवर खपल्या आल्या तर पेम्फिगस हा त्वचेचा आजार तपासून घ्या. काचबिंदू होऊ शकतो, म्हणून गळ्याला हिसके बसणारा पट्टा नको, छातीवरचा हार्नेस वापरा. आयुष्य साधारण 8 ते 12 वर्षं.

तर आणावा का? सहा वर्षांचं मूल आणि पहिलाच कुत्रा, या जोडीला मी सहसा दोन-तीन वर्षं थांबा म्हणतो. चाऊ मुलांचा वैरी नाही. पण सहा वर्षांच्या मुलाचं प्रेम म्हणजे गळ्यात पडणं, वरून मिठी, झोपलेल्याला उठवणं. आणि चाऊला नेमकं तेच खपत नाही. चेहराच आवडला असेल तर युरेझियर या जातीची चौकशी करा. जर्मनीत 1960 साली युलियस विप्फेल यांनी वुल्फस्पिट्झ आणि चाऊच्या संकरातून ती सुरू केली, पुढे सामोयेडही मिसळला. माणसांशी ती जरा सैल असते.

तरीही याच पिल्लावर मन बसलं असेल, तर पैसे देण्याआधी आईला भेटा, जमल्यास बापालाही. ती चालताना बघा, चालून आल्यावर तिचा श्वास ऐका. लांबून घरघर ऐकू येणाऱ्या आईचं पिल्लू घेऊ नका. खुब्याचे, कोपराचे एक्स-रे, गुडघे आणि डोळ्यांची तपासणी यांचे कागद मागा. भावंडांतलं सगळ्यात सुरकुतलेलं, चपट्या तोंडाचं पिल्लू सगळ्यात गोड दिसतं, आणि ऑपरेशनच्या टेबलावर बहुधा तेच येतं. डोळे टपोरे उघडे आणि कोरडे आहेत का ते बघा. 'लायलॅक', 'शॅम्पेन' असल्या रंगांच्या नावाखाली जास्त पैसे मागितले तर हसून विषय बदला. काळा, लाल, निळा, फिकट तपकिरी, क्रीम, पांढरा, एवढेच रंग आंतरराष्ट्रीय मानकात आहेत.

आणि मुलाला आजपासूनच एक खेळ शिकवा, खेळण्यातल्या कुत्र्यावर चालेल. जमिनीवर बसायचं, नाव घेऊन हाक मारायची, तो आपणहून आला तरच छातीवर खाजवायचं. तीन आकडे मोजायचे आणि हात काढून मांडीवर ठेवायचा. तो परत अंगाला टेकला तर पुन्हा तीन. तसाच उभा राहिला किंवा मान वळवली, तर खेळ संपला.